दाराशा शेठची पागा

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी दाराशा शेठचा बंगला होता. होता, एवढंच आता त्याच्याविषयी खात्रीने सांगता येत असे. अठ्ठेचाळीसच्या वादळात त्याचं छप्पर उडालं, पुढच्या पावसाळ्यांत माडी खाली आली, आणि शेठचे वारस विलायतेत बसून नुसते हळहळत राहिले. छप्पन्न साल उजाडलं तेव्हा बंगल्याचा जिना तेवढा धड उरला होता. तो चढून गेलं की माणूस थेट आभाळाखाली निघायचा.

पण बंगल्याच्या मागे, चिंचांच्या पलीकडे शेठची पागा होती आणि तिला काही म्हणता काही झालं नव्हतं. काळ्या दगडाच्या भिंती, सागाचे खांब, वर उंच कौलारू छप्पर, मध्ये फरसबंद चौक आणि चौकाच्या तिन्ही बाजूंनी घोड्यांची ठाणं. प्रत्येक ठाणावर संगमरवराची लहानशी पाटी आणि पाटीवर त्या घोड्याचं नाव. बंगला शेठने हवा खायला म्हणून घाईघाईत बांधून घेतला होता. पागेचं काम चालू असताना मात्र ते रोज खुर्ची टाकून गवंड्यांच्या उरावर बसायचे, असं जुनी माणसं सांगत.

शेठ गेले आणि घोडे विकले गेले. त्यांच्या जागी घोडे सांभाळणाऱ्या सईसांची बिऱ्हाडं आली, मागोमाग त्यांचे मालवण-कुडाळकडचे भाऊबंद आले, आणि एकेका ठाणाला दार-खिडकी बसून त्याची खोली झाली. नावं मात्र घोड्यांचीच चालू राहिली. "सुलतानकडे पाहुणे आलेत," "डायमंडच्या धाकट्याला गोवर निघालाय," असं इथली माणसं अगदी गंभीर चेहऱ्याने बोलत. लग्न होऊन आलेल्या नव्या सुनेला सुरुवातीला हसू आवरत नसे. पुढे तीच "आमच्या बिजलीत ढेकूण नाहीत हो," असं ठसक्यात सांगू लागे.

लवू परब हा दाराशा शेठचा शेवटचा सईस. तो रोशनमध्ये राहायचा. रोशन ही शेठची पांढरी घोडी. तिला लवूने शिंगरू असल्यापासून वाढवलेलं, आणि ती विकली गेली त्या दिवशी तो जेवला नव्हता. आता तो रंगाच्या कारखान्यात फाटकावर बसायचा, पण पाठ अजून घोड्यावरच्या माणसासारखी ताठ होती. त्याच्यासमोर कुणी या जागेला तबेला म्हटलं की संपलंच. "तबेलो म्हशींचो," तो सांगायचा, "ही पागा. म्हाराजांची असायची तसली." पुढे मग चुन्यात काय काय घातलं होतं इथपासून सुरुवात व्हायची, आणि ऐकणारा उठायला निमित्त शोधू लागायचा.

त्याची बायको शेवंती हिला या अभिमानाचा वीट आला होता. तिचं माहेर लालबागला. तिथे हळदीकुंकवाला गेली की कुणीतरी हमखास विचारायचं, "काय गं, अजून तबेल्यातच का?" ती हसून वेळ मारून न्यायची आणि घरी येऊन भांडी आदळायची. स्वतःचं तिने गिळलं असतं. पण मुलीचं लग्न निघालं आणि गिळणं अवघड झालं. सुगंधा मॅट्रिक झालेली, पागेतली पहिलीच मुलगी. दिसायला नीटस, शिवणकामात हात बसलेला. तरी दोन स्थळं आली आणि पत्ता ऐकून परत गेली. एका मुलाच्या आईने तर तोंडावर सांगितलं होतं, "घोड्यांच्या जागेतली सून आमच्याकडे नांदायची कशी?"

म्हणून शेवंतीचा भाऊ नंदू तिसरं स्थळ घेऊन आला तेव्हा पत्त्याचं त्याने आपल्या परीने आधीच निस्तरून ठेवलं होतं. मुलगा चंद्रप्रकाश सावंत, पोस्टात नोकरीला. वडील अनंतराव गिरगावातल्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. माणसं मूळची कणकवलीकडची, सरळ.

"मी सांगून टाकलंय, बंगल्यात राहतात म्हणून," नंदू म्हणाला. "शेठने पाहुण्यांसाठी बांधलेली घरं आहेत, बंगल्याच्या आवारात. आता यात खोटं काय आहे? आवार बंगल्याचंच आहे ना? भावजी, तुम्ही फक्त बसायचं. बोलायचं काम माझं. झकास जमवतो."

"पावणे?" लवूने विचारलं. "हंय पावणे कधी ऱ्हवलेले रे?"

शेवंतीने त्याला पुढे बोलू दिलं नाही. "दोन जाग्यांसून नकार इलो. तिसरो इलो तर मी खंय तोंड लपवू? लोकांक तबेलोच दिसता. चेडू तुमचा आसा, म्हणान सांगतंय. त्या दिवशी तुमी तोंड उघडू नकात. माझी शपथ आसा तुमका."

लवू "बरा," म्हणाला. लेकीपुढे चुना आणि दगड कुठले आले, अशी त्याने मनाची समजूत घातली. ती नीट पटली मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो विहिरीवर असताना सुगंधा कळशी घेऊन आली. ती इथेच जन्मलेली, मुलुंडच्या शाळेत शिकलेली. आई-बापांची मालवणी तिला कळायची, पण बोलायची ती मुंबईची मराठीच.

"बाबा, तुम्हाला चालतंय हे?"

"तुझ्या आयेक शब्द दिलंय."

"आणि मला विचारलंत?"

लवू गडबडला. "तुका ह्या स्थळ नको?"

"हवंय. फोटो पाहिलाय मी," ती जराशी लाजून म्हणाली. "पण उद्या लग्न झालं, तुम्ही मला भेटायला आलात, आणि सासऱ्यांनी विचारलं, काय परब, बंगला कसा आहे? मग? जन्मभर बंगल्यात राहावं लागेल हो आपल्याला."

ती कळशी भरून निघून गेली. लवूच्या हातातला दोर तसाच राहिला. पोरीचं खरं होतं आणि बायकोचंही खोटं नव्हतं. मध्ये आपला तो एकटा सापडला होता.

पाहुण्यांनी दसऱ्याचा दिवस ठरवला. छापखान्याला सुट्टी, दिवसही चांगला. आणि इथेच घोटाळा झाला. कारण दसऱ्याला पागेत घोड्यांची पूजा असायची. घोडे होते तेव्हा त्यांना न्हाऊ घालून, कपाळाला कुंकू लावून, गळ्यात झेंडूचे हार घालायचे. घोडे गेल्यावर ते हार पाट्यांना चढू लागले. प्रत्येक घर आपापल्या घोड्याची पाटी घासूनपुसून लख्ख करायचं आणि तिला हार घालायचं. त्याशिवाय पागेत कुणाच्या ताटात पुरी पडत नसे.

आता पाट्या झाकायच्या तर होत्याच. शेवंतीने सगळ्यांना हात जोडून विनंती केली, आणि पागेतली माणसं अडल्यानडल्याला धावणारी. सकाळपासून सगळा चौक कामाला लागला. भिंतीतल्या लोखंडी कड्यांवर पडदे आले. लवूच्या खोलीतल्या दगडी गव्हाणीवर फळी टाकून, वर सुलतानमधल्या विमलाकाकूंची नवी चादर पसरून पाहुण्यांसाठी बैठक झाली. पाट्या झाकायला काय घ्यावं हे सुचेना, तेव्हा विमलाकाकूंनीच युक्ती काढली. वाण्याकडून, शिंप्याकडून, औषधाच्या दुकानातून मिळालेली कॅलेंडरं घराघरांतून बाहेर निघाली आणि एकेका पाटीवर टांगली गेली. कुठे दत्त, कुठे गणपती, कुठे राधाकृष्ण. विमलाकाकूंच्या घरी देवाचं कॅलेंडर नव्हतं. त्यांनी साबणाच्या कंपनीचं लावलं. त्यावर एक गोरीपान बाई गालाला वडी लावून हसत होती.

"आणि हार?" डायमंडमधल्या म्हातारीने विचारलं. "दसऱ्याच्या दिवशी हार नाय? घोड्यांचो शाप घेतंस काय गो?"

शापाचं नाव निघाल्यावर कोण ऐकतंय? हार जिथे चढायचे तिथेच चढले. कॅलेंडरांवर.

लवू हे सगळं बघत उंबऱ्याशी उभा होता. रोशनच्या पाटीवर विठोबा आला. विठोबाविषयी त्याची तक्रार नव्हती. पण आपण आपल्याच माणसाला ओळख दाखवायची टाळतोय, असं त्याला वाटलं आणि त्याची त्याला मनापासून शरम वाटली.

नंदू पाहुण्यांना घेऊन दुपारी आला. अनंतराव काटकुळे, जाड भिंगांचा चष्मा, नखांत कायमची शाई. जन्म अक्षरांत गेलेला, त्यामुळे दिसेल ते वाचायची खोड. बंगल्याच्या फाटकावरचं पुसट नाव त्यांनी वाचलं, चहाच्या डब्यावरचं वाचलं. त्यांची बायको ठेंगणी, शांत, ती बैठकीवर बसली आणि चादरीवरून हात फिरवून म्हणाली, "किती गार वाटतंय हो इथे." चंद्रप्रकाश बुटांकडे बघत बसला होता. फोटोत तो जरा शूर दिसायचा.

नंदूने तोंडाचा पट्टा सोडला. शेठ कसे, त्यांचे पाहुणे कसे, कुठकुठल्या संस्थानांतून यायचे. शेवंती ठेवणीतल्या शुद्ध मराठीत "घ्या ना, शिरा घ्या ना," करत होती. सुगंधा चहा घेऊन आली, नमस्कार करून बसली. अनंतरावांच्या बायकोने तिला शिवणाचं विचारलं, तिने नीट उत्तरं दिली. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की शेवंतीच्या कपाळावरची आठी सकाळपासून पहिल्यांदा उलगडली. लवू कोपऱ्यात हाताची घडी घालून गप्प होता.

अनंतराव मात्र उघड्या दारातून चौकाकडे बघत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"परब, विचारू का एक? रागावू नका," ते म्हणाले. "तुमच्याकडे कॅलेंडर दाराबाहेर लावायची पद्धत दिसते. वर हारही घालता. दत्त, गणपती, ते समजलं. पण समोर त्या दारावर साबणाच्या जाहिरातीतल्या बाईंना हार घातलाय." त्यांनी आवाज खाली आणला. "त्या वारल्या का?"

शेवंतीने नंदूकडे पाहिलं. मग नंदू म्हणाला, "हो ना. म्हणजे... विमलाकाकूंची नणंद. लांबची."

दाराशी कान देऊन उभ्या असलेल्या विमलाकाकूंच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. सुगंधाने पदर तोंडावर दाबला, पण तिचे खांदे हलत होते ते लपेनात.

लवूला हसू आलं नाही. समोर सुलतानचा हार होता. ज्या सुलतानला शेठ पहाटे स्वतः येऊन गूळ भरवायचे, ज्याच्या आजारपणात अख्खी पागा जागली होती, त्याच्या दसऱ्याच्या हारामागे एक बाई गालाला साबण लावून हसत होती, आणि आता ती मेलेली नणंदही झाली होती. संताप आणि शरम एकदमच लवूच्या डोक्यात चढली. त्याने लेकीकडे पाहिलं. तिचं हसणं थांबलं होतं. ती त्याच्याकडेच बघत होती, नजर न हलवता. त्याने बायकोकडे पाहिलं. ती डोळ्यांनी विनवत होती.

"शेवंती, शब्द मोडतंय," तो म्हणाला आणि उठला.

दाराबाहेर जाऊन त्याने हार हलकेच काढला, विठोबाला नमस्कार करून कॅलेंडर उतरवलं, आणि हार परत चढवला. "अनंतराव, ह्या वाचा."

अनंतराव उठून बाहेर आले. पाटी गुजराती अक्षरांत होती, पण छापखान्यातल्या माणसाला गुजराती काही नवी नव्हती. "रोशन," त्यांनी वाचलं. "रोशन कोण?"

"घोडी."

आत शेवंतीने पदराने तोंड झाकून घेतलं.

"ही पागा, अनंतराव. हंय घोडे ऱ्हवत. आता आमी ऱ्हवतो. पावणे-बिवणे कधीच ऱ्हवले नाय," लवू म्हणाला. त्याची पाठ ताठ होती. "तुमची मंडळी बसली हत ना, ती रोशनची गव्हाण. माझा चेडू तान्हा होता तेव्हा शेवंती गवत कापूक जायची, आणि चेडवाक त्या गव्हाणीत निजवायची. एक दिवस मी रोशनीक फिरवून परत हाडलंय. ती गव्हाणीत बघता तर पोर! तोंड लावल्यान नाय. हालली नाय. पोरीवर मान धरून उभी ऱ्हवली, हिने येवन उचलीपर्यंत. असल्या जाग्यात वाढलेली माझी पोर. माझ्या मेवण्यान खोटा सांगल्यान आणि मी गप बसलंय, म्हणजे ता माझापण खोटाच झाला. सोयरीक मोडूची तर खुशाल मोडा. पण मोडताना पागा म्हणा. तबेलो म्हणू नकात."

एवढं बोलून तो थांबला. त्याच्या लक्षात आलं की चौकातल्या सगळ्या दारांत माणसं उभी आहेत.

अनंतरावांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. "मला खोटं खपत नाही," ते नंदूकडे बघून म्हणाले. "दिवसभर लोकांच्या चुका दुरुस्त करायच्या आणि घरात चूक आणून ठेवायची, हे मला जमायचं नाही." नंदू फरशी निरखत होता. मग ते लवूकडे वळले. "दाखवा."

"काय?"

"पागा. आलोच आहे, तर बघून जातो."

मग काय विचारता! समोर विमलाकाकूंनी त्या साबणवालीला खाली ओढलं आणि "आमचा सुलतान बघा, सुलतान!" असा पुकारा केला. बिजलीवरचे राधाकृष्ण उतरले, डायमंडवरचा दत्त उतरला, पाट्यांवरून हात फिरले, हार सारखे झाले. ज्याला त्याला आपलंच ठाण आधी दाखवायचं होतं. कुणी बादलीभर पाणी चौकात ओतून ते कसं पन्हळीत सरळ निघून जातं ते दाखवलं. कुणी छपराच्या कण्यातल्या फटी दाखवल्या, जिथून गरम हवा वर निघून जायची. वादळाच्या दिवशी बंगल्याचा माळी बायकापोरांसकट इथेच येऊन राहिला होता हे तर चारजणांनी एकदम सांगितलं. लवूला बोलायला जागाच मिळेना. इतकी वर्षं ज्या माणसांनी त्याचं चुनापुराण जांभया देत ऐकलं होतं, ती सगळी आज तेच घडाघडा बोलत होती. त्याचा ऊर भरून आला.

ते खोलीत परतले तेव्हा अनंतरावांची बायको सुगंधाशेजारी गव्हाणीवरच बसली होती. चेहरा मात्र विचारात पडलेला. लवूने ओळखलं. हा तिसरा नकार.

"मी स्पष्टच बोलते," ती म्हणाली. "आमची गिरगावात एक खोली. दिवसाही दिवा लावावा लागतो. खिडकी उघडली की समोर भिंत. वारा म्हणजे काय ते गच्चीवर गेलं तर. ही पोर असल्या छपराखाली, चिंचांच्या सावलीत वाढलीये. आमच्याकडे तिचा जीव रमेल का हो? मघापासून मला त्याचीच धाकधूक लागलीय. तुम्ही मुलगी द्याल का आम्हाला?"

लवूला आधी कळेचना ती काय म्हणतेय. कीव ऐकायची त्याने तयारी ठेवली होती, नकार ऐकायची ठेवली होती. त्याच्या पागेपुढे कुणाला आपलं घर अपुरं वाटेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याने उत्तरासाठी लेकीकडे पाहिलं.

"खोली लहान असली तर चालेल मला," सुगंधा खाली बघत, पण स्पष्ट म्हणाली. "फक्त तिला खोलीच म्हणायचं. दिवाणखाना म्हणायचं नाही."

पहिला हसला तो चंद्रप्रकाश. इतका वेळ न बोललेला तो मुलगा असा खळखळून हसला की त्याचे कान लाल झाले. मग सगळेच हसले, नंदूसुद्धा, जरा उशिराने. आपट्याची पानं हातोहात गेली, साखर वाटली गेली, विमलाकाकूंनी आपल्या घरच्या पुऱ्या आणून त्याच गव्हाणीवर मांडल्या.

निघताना अनंतरावांनी खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला. "लग्नपत्रिकेचे खिळे मीच जुळवणार. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. लग्नस्थळ हाच चौक ना? काय छापू? पत्ता सांगा."

नंदूची खोड जाते थोडीच! तो म्हणाला, "दाराशा बंगला, मुलुंड. एवढंच टाका. छापील जरा बरं दिसतं."

शेवंती दिवसभर पाहुण्यांसमोर एक शब्द इकडचा तिकडे होऊ न देता बोलत होती. ती एकदम भावाकडे वळली.

"बंगलो पडलो रे मेल्या! पागा उभी आसा." आणि डोक्यावरचा पदर सारखा करून ती अनंतरावांना म्हणाली, "पागा छापा. दाराशा शेठची पागा. आणि जरा मोठ्या अक्षरात छापा."

अनंतरावांनी लिहून घेतलं. लवू बायकोकडे बघत राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून पागा हा शब्द तो पहिल्यांदाच ऐकत होता.